माईककाका खोक्यावर बसले तेव्हा

माईककाका कुठल्याही गावात शिरायच्या आधी भोंगा बंद करायचे. जाहिरातीची रिक्षा फिरवणारा माणूस, ज्याला पैसेच ओरडायचे मिळतात, त्याने गाव आलं की गप्प बसायचं, हे ऐकणाऱ्याला उलटंच वाटेल. पण त्यांची पद्धत ठरलेली होती. रिक्षा पिठाच्या गिरणीपाशी उभी करायची, जवळच्या टपरीवर अर्धा चहा घ्यायचा आणि चहावाल्याला हळूच विचारायचं, "गावात कोणाचं काही झालं तर न्हाई ना?" नाही म्हटलं की मग गावातून एक पायी चक्कर. भोंगा त्यानंतर.

माझे वडील त्यांचे जिवलग मित्र. ते शाळेत शिपाई होते आणि सुट्टीच्या दिवशी काकांच्या रिक्षात बसून हिंडायचे. घनसावंगीकडच्या एका गावातली गोष्ट वडिलांनी मला किमान वीस वेळा सांगितली असेल. जुन्या जालन्यातल्या एका कापडदुकानाचा सेल होता आणि काकांना त्या दिवशी सहा गावं करायची होती. दुसऱ्याच गावात चहावाला म्हणाला की पाटाच्या पाण्यात एक तरणा मुलगा बुडाला, अजून घरीच ठेवलाय. काकांनी भोंग्याची वायर काढली, जाहिरातीच्या कागदांचा गठ्ठा सीटखाली सारला आणि दोघं मयतीला गेले. संध्याकाळी शेठजींनी खूप झाडलं. काका एवढंच म्हणाले, "आज त्याह्यला कापड नको होतं शेठ, खांदा पायजे होता." शेठजींनी त्या दिवसाची हजेरी कापली, आणि काकांनी ती कापू दिली.

चार तालुक्यांत ज्याचा आवाज लोक डोळे मिटून ओळखायचे, तो माणूस माईक खाली ठेवला की इतकं हळू बोलायचा की समोरच्याला मान पुढे काढावी लागायची. खिशात कायम खडीसाखर आणि लवंगा. घरी तर बोलणं जवळजवळ बंदच. पाणी हवं असेल तर हाताने पेल्याची खूण, मीठ कमी असेल तर नुसती भुवई. काकू वैतागायच्या. "सगळा आवाज गावाला वाटून येतेत," त्या मला म्हणायच्या, "उरला तं मला मिळतो. उरतच न्हाई." काका हे ऐकून खूश व्हायचे आणि पुन्हा भुवई उडवायचे.

कुठलीही गोष्ट ते तीनदाच सांगत. सेल असो, पोलिओचा डोस असो, हरवलेली म्हैस असो, तीन वेळा आणि बास. मी एकदा विचारलं, चौथ्यांदा सांगितलं तर काय बिघडतं? ते म्हणाले, "तिनदा सांगून ऐकलं न्हाई तं त्याला ऐकायचंच न्हाई. मंग बोलायचं न्हाई. मंग त्याच्याकडं बघायचं, का ऐकून न्हाई राह्यला ते." मी तेव्हा मान डोलावली होती. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

ते कधी कुणावर चढून बोलल्याचं मला आठवत नाही, पण आष्टीच्या बाजारातला एक प्रसंग तिथले लोक अजून सांगतात. एका आडत्याने त्यांना भर बाजारात हाक मारली, "ए दवंडीवाल्या, इकडं ये, माझ्या दुकानाचं पण सांग." काकांनी माईक बंद केला, खाली उतरले, त्याच्या गादीजवळ गेले आणि त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "दवंडी माझा आजा देत होता. त्याला न्हाई म्हणायची सोय नव्हती. मी जाहिरात करतो. मला न्हाई म्हणता येतं. तुमच्या दुकानाचं मी सांगणार न्हाई." आडत्या नंतर दुप्पट द्यायला तयार झाला, माणसं मध्ये घालून निरोप पाठवले. त्या दुकानाचं नाव काकांच्या भोंग्यातून शेवटपर्यंत निघालं नाही.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढच्या गोष्टीत शहाणपणा सगळा त्यांचा आणि मूर्खपणा सगळा माझा आहे. मी पुण्यात सात वर्षं कपड्यांच्या एका कंपनीत काम केलं, मग लग्न होऊन पुन्हा जालन्यात आले आणि आठ शिलाई मशीनवर स्वतःचे कुर्ते सुरू केले. गावातल्या नदीवरून नाव ठेवलं, 'कुंडलिका'. सुती कापड, साधी बेतणी, हातानं केलेलं भरतकाम. आमचा सगळ्यात जास्त चालणारा कुर्ता होता पांढरा, पाठीवर निळ्या धाग्यात बुद्धाचा शांत चेहरा. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी तर मशीन थांबायच्या नाहीत. अख्खी मिरवणूक आमचे कुर्ते घालून निघायची आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून पाठी मोजायची.

मग डोक्यात श्रीलंका आली. तिथे चांदनी नावाच्या एका कापडदुकानदार बाईंशी माझी फोनवर ओळख झाली होती. कोलंबोत भारतीय कपड्यांचं तीन दिवसांचं प्रदर्शन होतं. चांदनी म्हणाल्या, स्टॉल घे, नाव लोकांच्या नजरेत बसलं तर मी माझ्या दुकानात 'कुंडलिका'चा वेगळा कप्पा करीन. मी हरखून गेले. सगळा देश बुद्धाला मानणारा, आणि आपला कुर्ता बुद्धाचा! मी दोनशे कुर्ते त्याच भरतकामाचे करून घेतले. चांदनींना फोटो मुद्दाम पाठवले नाहीत, समोरच उलगडून दाखवायचे होते. भरतकाम करणाऱ्या आमच्या बायकांनी शेवटचे टाके घालताना प्रत्येक कुर्त्याला हात जोडले. दहा फुटी बॅनर छापला, त्यावर तोच चेहरा आणि खाली आमचं नाव. घरातले दागिने गहाण टाकले होते, आणि हे फसलं तर मशीन विकून पुन्हा कुणाकडे तरी नोकरी, हे नवऱ्याचं आणि माझं ठरलेलंच होतं.

नवऱ्याचा पासपोर्ट वेळेत आला नाही. सासूबाई म्हणाल्या, एकटीला पाठवायची नाही. वडील तोवर गेलेले. शेवटी काका पुढे आले. विहाराच्या मंडळाबरोबर थायलंडला जायचं म्हणून त्यांनी कधीतरी पासपोर्ट काढला होता, ती सहल बारगळली आणि पासपोर्ट कोरा राहिला. "वाया चाललाय," ते म्हणाले, "एक शिक्का तं बसू दे." मला बरंच वाटलं. म्हटलं, स्टॉलवर गर्दी खेचायला आपला माणूस असेल. भाषा कळो न कळो, आवाज तर आहे.

आम्ही पोहोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. तिथे पौर्णिमेला सुट्टी असते हे मला माहीतच नव्हतं. प्रदर्शनाचा हॉल बंद, चांदनींचं दुकान बंद, मी लॉजच्या खोलीत चडफडत फोनवर मजकूर लिहीत बसले. काका मात्र सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जवळच्या विहारात गेले ते दुपारीच उगवले. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. एका म्हाताऱ्या बाईंशेजारी बसून त्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं होतं. "एक शब्द तिचा मला कळत न्हाई, एक माझा तिला," ते म्हणाले, "पण ते म्हणताना बराबर संगं चाललो. मंग तिनं मला केळ दिलं."

 संध्याकाळी चहा पिताना म्हणाले, "वैशाली, तिथं आज हजारभर माणूस होता. सगळे पांढऱ्यात. एकाच्याबी अंगावर बुद्धाचं चित्र न्हाई. पिशवीवर न्हाई, टोपीवर न्हाई. आपल्याकडं दर दुसऱ्याच्या अंगावर असतंय. काऊन न्हाई?" मी म्हटलं, कुणी बनवलेच नसतील काका, म्हणून तर आपण आलोय. ते म्हणाले, "एक पोरगी मूर्तीकडं पाठ करून फोटो काढून राह्यली होती. म्हातारीनं उठून तिला खांद्याला धरून वळवलं. रागानं न्हाई, पण वळवलं. तू जरा थांब. चांदनीबाई येऊ दे. त्याह्यला दाखवून मंग खोके खोल." मी मान डोलावली.

खोकी आधीच चांदनींच्या पत्त्यावर गेली होती आणि त्यांनी ती न उघडता हॉलमध्ये पोचवली होती. दुसऱ्या दिवशी बारा वाजता आम्ही हॉलमध्ये गेलो. प्रदर्शन परवा सकाळी उघडायचं होतं, पण मला त्याच दिवशी एक वाजता स्टॉलवरून फोनवर लाइव्ह जायचं होतं. चांदनींकडून घेतलेल्या सगळ्या दुकानदारांच्या नंबरांवर मी तसं कळवून ठेवलं होतं. चांदनी दुकान सांभाळून चारला येणार होत्या. मी कात्री घेऊन वळते तर काका खोक्यावर बसलेले. नुसते बसलेले नाहीत, एक हात दुसऱ्या खोक्यावर, त्यातच बॅनर होता, आणि दुसरा तिसऱ्यावर टेकून.

"काका, उठा."

"चार वाजता उठतो."

मी समजावलं, मग विनवलं, मग चिडले. ते तीनदा म्हणाले, बाई येऊ दे. चौथ्यांदा काही बोललेच नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. एक वाजला. फोनवर लोकांचे निरोप यायला लागले. माझा तोल गेला आणि मी ते बोलले जे मी आयुष्यभर परत घेऊ शकणार नाही. "तुम्ही भोंगा फिरवणारे काका. ब्रँडचं तुम्हाला काय कळतं? माझं घर पणाला लागलंय!" शेजारच्या स्टॉलवरचा सुरतचा माणूस मान वळवून बघायला लागला. काकांनी खिशातून खडीसाखर काढली, एक खडा माझ्या हातावर ठेवला, एक स्वतःच्या तोंडात टाकला. "म्हणून तं बसलोय," ते म्हणाले.

चार वाजता चांदनी आल्या. गोल चेहऱ्याच्या, घाईत असलेल्या, हसऱ्या. काका उठले, कंबर धरून बाजूला झाले. मी पहिलं खोकं कापलं आणि वरचा कुर्ता उलगडून त्यांच्यासमोर धरला, अगदी अभिमानाने.

त्यांचं हसू जागच्या जागी विझलं. त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं, मग तो कुर्ता माझ्या हातातून घेतला, चेहरा आत जाईल अशी घडी घातली आणि उंचावरच्या फळीवर दोन्ही हातांनी ठेवला. खाली नाही ठेवला. मग हळू आवाजात विचारलं, हे कुणी पाहिलंय का? फोटो टाकलाय का कुठे? मी नाही म्हटल्यावर त्या स्टॉलच्या भिंतीला टेकल्या. त्यांनी मोडक्या इंग्रजीत, मी मोडक्या इंग्रजीत, असं करत मला समजलं ते असं: इथे बुद्ध अंगावर मिरवायचा नसतो. त्यावर माणूस बसतो, रेलतो, घामेजतो, तो कपडा चुलीजवळ लोळतो, फाटून फरशी पुसायला जातो. लोक हे सहन करत नाहीत. पोलिस येतात, माणसं आत जातात, आणि परदेशी माणसाला तर कुणी विचारतही नाही की तुझ्या मनात काय होतं. "तुझं नाव इथे सगळ्यांना माहीत झालं असतं," त्या म्हणाल्या, "आजच, आणि माझ्या दुकानाचंही." 

 मी जमिनीवर बसले आणि हसायला लागले की रडायला, मला आठवत नाही. एवढं आठवतं की छातीवरचं काहीतरी उतरलं आणि मला श्वास पुरेसा येऊ लागला. एक वाजता मी तो कुर्ता फोनसमोर नाचवला असता. पोलिस ठाण्यात मी काय सांगितलं असतं? की आम्हीही त्यालाच मानतो, आमच्या बायकांनी हात जोडून टाके घातलेत? ते खरंच होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मी काकांकडे पाहिलं. ते एका हाताने कंबर चोळत होते आणि दुसऱ्याने चांदनीबाईंना खडीसाखर देत होते.

दोनशे कुर्ते तसेच खोक्यात बंद राहिले. उरले ते साठ. ते पांढरे साधे कुर्ते मी निव्वळ खोकं भरावं म्हणून टाकले होते. स्टॉल इतका रिकामा की सुरतवाल्याने मला स्वतःच्या दोन खुर्च्या दिल्या. मी म्हटलं, काका, आता तुम्हीच हाका मारा. ते म्हणाले, "हितं माझा आवाज चालायचा न्हाई. हितं मी घालून उभा राहतो." साठातला एक कुर्ता अंगात घालून ते तीन दिवस स्टॉलच्या तोंडाशी उभे राहिले. म्हाताऱ्या बायका थांबायच्या, बाहीचं कापड बोटांत धरून बघायच्या, काका हात जोडायचे. कुणी काही विचारलं की चांदनी सांगायच्या, पौर्णिमेला विहारात जाताना घालायचा, मऊ आहे, मांडी घालून दोन तास बसलं तरी काचत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी काकांच्या अंगातला सोडून एकही कुर्ता उरला नाही. शेवटी चांदनींनी तोही उतरवून घेतला, दुकानात टांगायला.

फार मोठं काही झालं नाही. पण चांदनींनी कप्पा केला आणि दर पौर्णिमेच्या आधी तो भरायला आम्हाला माल लागू लागला. पुढे कँडीचं एक दुकान आलं, मग गॉलचं. तिथले लोक आता 'कुंडलिका' म्हणतात ते पौर्णिमेच्या पांढऱ्या कुर्त्यालाच. मशीन आठाच्या एकवीस झाल्या आणि दागिने, सगळे नाही तरी निम्मे, परत आले.

जालन्यात परतल्यावर विहारात आमचा छोटा सत्कार झाला. काकांना बोलायला सांगितलं तर ते त्यांच्या हळू आवाजात म्हणाले, "वैशालीनं गेल्या गेल्या ओळखलं, ह्ये कुर्ते हितं चालायचे न्हाईत. एक खोकं खोलू दिलं न्हाई तिनं." मी त्यांच्याकडे पाहिलं. ते भुवईनेच म्हणाले, गप. आणि मी गप्प बसले! टाळ्या झाल्या. मग गावच्या पेपरात आलं. मग कॉलेजांतून बोलावणी आली, परदेशी बाजारात नाव कसं रुजवावं यावर मी बोलू लागले. "आधी गाव बघा, मग तोंड उघडा," हे वाक्य मी माझं म्हणून किती मुलांना ऐकवलं असेल. एकदा काका स्वतः पहिल्या रांगेत बसले होते. सगळ्यात जोरात टाळ्या त्यांच्याच.

मला ते बोचत नव्हतं असं नाही. दोन-तीनदा मी म्हटलंही, काका, मी खरं सांगून टाकते. ते विषय बदलायचे. आणि दर वेळी, कबूल करते, मला थोडं सुटल्यासारखंच वाटायचं. एकवीस मशीनची मालकीण, चतुर, दूरदृष्टीची, हे ऐकायला कुणाला आवडत नाही? खोक्यावर बसलेल्या म्हाताऱ्यावर ओरडणारी बाई व्हायला कुणाला आवडतं?

गेल्या थंडीत काका झोपेतच गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. घनसावंगीहून लोक आले, आष्टीहून आले. प्रत्येकाकडे त्यांच्या आवाजाची एक आठवण होती. माझी पाळी आली आणि माईक हातात आल्यावर मी घरून लिहून आणलेला कागद घडी करून ठेवला. मी सगळं सांगितलं. पौर्णिमेचा विहार, बंद खोकी, मी काय बोलले ते शब्दाला शब्द, आणि नंतर इतकी वर्षं मी काय मिरवलं ते. मध्ये कुठे थांबले नाही. खाली उतरले तेव्हा डोकं कितीतरी दिवसांनी स्वच्छ झालं होतं.

मी काकूंच्या पायाशी जाऊन बसले. म्हटलं, काकू, मला माफ करा, इतकी वर्षं तुमच्या माणसाचं श्रेय मी खाल्लं.

"मला म्हाईत होतं गं," काकू म्हणाल्या. "आल्ते त्याच दिवशी सांगितलं. खोक्यावर बसून कंबर धरल्ती, शेकून देता देता सांगितलं सगळं. मी म्हणलं, मंग लोकायला काऊन खोटं सांगता? तं म्हणले, माझं नाव झालंय. तिला उद्या मोठ्या मोठ्या लोकायसमोर एकटीनं बसायचंय, तिच्याजवळ येवढं तरी असू दे. वरून मला म्हणले, कोणाला बोलशील तं बघ."

 काकूंनी पदराने आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे, आणि एक मोठा श्वास सोडला.

"बरं झालं बाई, तू सांगितलंस," त्या म्हणाल्या. "चार वर्षं झाली, माझ्या पोटात मावून न्हाई राह्यलं होतं."